अप्पांची गाडी मागून बसली

अहो वहिनी, ते धुणं राहू द्या घटकाभर, इकडे भिंतीशी या. तिथून नाही दिसायचं, जास्वंदीच्या अंगानं या. अप्पांची ट्रॅव्हलर आली काल संध्याकाळी. आता आडवं उभं राहून नीट बघा. पुढच्या चाकावर जेवढी फट, तेवढीच मागच्या चाकावर. दिवाळीत मागच्या चाकावर माझी बोटंसुद्धा शिरत नव्हती. रांगोळीच्या निमित्तानं वाकून मी घालून बघितली होती ना! सगळी गल्ली म्हणत होती, अप्पांची गाडी मागून बसली. अप्पा तेवढे म्हणायचे, "ती तशीच असते." दुसऱ्याच्या गाडीचं काय बिघडलंय ते पुण्यात कोणीही लांबून सांगेल, आणि स्वतःची मात्र तशीच असते.

या सगळ्याच्या मुळाशी अमेरिका आहे, बघा. लेकीकडे गेले होते ना टेक्ससला, तेव्हा जावयानं भाड्यानं एक आरव्ही आणली. बसएवढं अख्खं घर, आत फ्रीज, सोफा, न्हाणीघर. काकूंना त्यातलं न्हाणीघर आवडलं आणि अप्पांना उरलेलं सगळं. परत आले ते डोक्यात किडा घेऊन. त्यात २०२१ मध्ये आपल्या सरकारनं कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. अप्पांनी ती बातमी कापून फ्रीजला चिकटवली. काकू म्हणाल्या, कोकणात जायला एसटी आहे की. अप्पा म्हणाले, एसटीत झोप काढता येते, अंघोळ करता येत नाही. काकूंना त्यावर बोलायला जागाच राहिली नाही.

गाडी घेतली २०१२ सालची, कुठल्याशा कारखान्यातल्या माणसांची ने-आण करणारी. गाडीत खोट नव्हती हो. ट्रॅव्हलर म्हणजे आपल्या आकुर्डीच्या कंपनीची. फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो काढली, आधी तीनचाकी आली, मग मॅटाडोर, आणि १९८७ पासून ही ट्रॅव्हलर. मर्सिडीजच्या टी-१ गाडीवर बेतलेली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण आपण अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतो. तिकडे जर्मनीत त्या टी-१ वर लोक फिरती घरं बांधायचेच, तेव्हा अप्पांनी घोडं चुकीचं निवडलं असं काही मी म्हणणार नाही. पुढे खोगीर भलतं चढवलं.

कागदपत्रं मात्र नेटकी केली. बँकेतला माणूस, सही राहिली तर रात्री झोप लागायची नाही. आसनं काढून पलंग घातले की गाडीचा प्रकार बदलतो, आणि तो आरटीओला विचारल्याशिवाय बदलता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही बजावलंय, कंपनीनं दिलेल्या गाडीची मूळ वैशिष्ट्यं मनानं बदलायची नाहीत म्हणून. संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन अप्पांनी आरसीवर मोटर कॅराव्हान अशी नोंद करून घेतली. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ म्हणून नियम आहेत, ते छापते आपल्या टेकडीवरची एआरएआय. रोज सकाळी त्याच टेकडीवर फिरायला जातात, त्यामुळे अप्पा त्या नियमांवर बोलतात ते निम्मे आपणच लिहिल्याच्या थाटात.

गाडी दारात उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या फाटकावर पाटी. "येथे वाहने उभी करू नयेत. घरे तर नाहीच नाही." कोणी लावली म्हणून काय विचारता? अक्षर तुमच्याच ह्यांचं आहे. 'घ' असा शेपटीचा दुसरं कोणी काढत नाही या गल्लीत.

बरं, आत काय काय भरलं ते ऐका. मी आतून बघून आलेय, हळदीकुंकवाला बोलावलं होतं काकूंनी, गाडीतच. अगदी मागे आडवा पलंग. पलंगाखाली पाण्याची टाकी, १५० लिटरची. टाकीशेजारी इन्व्हर्टरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, एकेक पन्नास-साठ किलोची. मागच्या कोपऱ्यात गॅसचा सिलिंडर, भरलेला म्हणजे तीसेक किलो. ड्रायव्हरच्या बाजूनं स्वयंपाकाचा ओटा, आणि ओट्याला काय, तर ग्रॅनाइट! मी म्हटलं, काकू, घरात ठीक आहे हो, गाडीत कशाला? तर म्हणतात, "सनमायका कळकट दिसतो." चार फूट बाय दोन फुटाची १८ मिलीची फरशी म्हणजे ३५ किलो. आणि हे सगळं मागच्या चाकांच्या मागे, नाहीतर बरोबर त्यांच्या डोक्यावर. पुढे काय ठेवलं? टीव्ही आणि दोन फिरत्या खुर्च्या. गप्पा मारायला.

मला कसं कळतं? अहो, माझं माहेर नाना पेठेतलं. वडिलांचं सुट्या भागांचं दुकान. लग्न होईपर्यंत दुपारची गल्ल्यावर मीच बसायची. मुली भातुकली खेळायच्या तेव्हा मी सेंटर बोल्ट जाडीप्रमाणे लावून ठेवायची. गिऱ्हाईक आत आलं की हातातल्या तुकड्यावरून सांगायचे, हा गाडीच्या स्प्रिंगचा मेन पाटा आहे की दोन नंबरचा. आता कोथरूडला येऊन शेवंती लावते, म्हणून काय सगळं विसरले?

गाडी बसली तेव्हा सल्ल्यांचा नुसता पाऊस. तुमचे हे म्हणाले, टायरमध्ये हवा वाढवा. टायरमध्ये हवा भरून पाटे वर येतात का हो? वरच्या मजल्यावरचे नाना म्हणाले, पाटे ठोकून घ्या, पुन्हा कमान येईल. जावयानं फोनवरून सांगितलं, हवेचे फुगे बसवा, तिकडे सगळे तेच बसवतात. हवा भरली की मागचा भाग वर येतो, हे खरं. पण फुगा उंची देतो, वजन काढून घेत नाही. आणि रात्री अप्पा गाडी चालवताना समोरचे ड्रायव्हर शिव्या घालायचे ते वेगळंच. मागून गाडी बसली की पुढचे दिवे आभाळाकडे. रस्ता दिसायचा नाही, वडाच्या पारंब्या मात्र लख्ख दिसायच्या.

मग अप्पा गेले एका गॅरेजवाल्याकडे. नाव घेत नाही, त्याचा मुलगा आपल्या गल्लीतल्या पोरांच्या वर्गात आहे. त्यानं गाडीखाली डोकं घातलं न घातलं आणि म्हणाला, "काका, दोन पाटे वाढवून देतो, संध्याकाळी न्या." कुठल्यातरी ट्रकचा जुना जाड पाटा कापून त्याचे तुकडे घातले दोन्ही बाजूंना. गाडी वर आली, हे मान्यच करावं लागेल. अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, पण ह्यांना म्हटलं, हे काही टिकायचं नाही.

का म्हणजे? हिशेबाला सोपं म्हणून धरा, आधी ८ मिलीचे सात पाटे होते. आठवा पाटा तेवढ्याच जाडीचा घातला असता तर गाडी सातव्या हिश्शानं कडक झाली असती. चाललं असतं. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या तिसऱ्या घातानं वाढतो, घन म्हणतात ना शाळेत, तसा. ८ मिलीच्या जागी १० मिली म्हणजे एकच पाटा जवळपास दोघांचं काम करणार. असे दोन घातले की अख्खा संच दीडपटीहून जास्त ताठ. अप्पांना मी भाजी घ्यायला गेल्यावर रस्त्यात सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग चांगलंच की, मजबूत झाली." आता काय बोलायचं! पाटा वाकावा म्हणूनच तर बसवलेला असतो. तो वाकला नाही तर खड्डा सरळ चेसीत, चेसीतून कपाटात आणि कपाटातून काकूंच्या मणक्यात.

आणि झालंही तसंच. पौड रोडच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर भांड्यांचं कपाट उघडलं. दुसऱ्यावर कपाटाच्या बिजागरीचे स्क्रू प्लायवूडमधून बाहेर. पोह्यांचा डबा पलंगावर, पलंगावरचं पांघरूण जमिनीवर. पुढे कधीतरी ग्रॅनाइटला बेसिनच्या भोकापासून कडेपर्यंत चीर गेली. काकू चार दिवस अप्पांशी बोलत नव्हत्या. फरशी गेली त्याचं वाईट वाटलं असेलच, पण मला विचाराल तर खरा राग सनमायकाचा होता. आता तोच लावावा लागणार, म्हणून.

शेवटी ताम्हिणी. दिवेआगरला निघाले होते, टाकी काठोकाठ, काकूंची बहीण बरोबर. घाट उतरताना एका वळणावर मागून धाड असा आवाज आला आणि गाडी एका अंगाला कलली. काकूंच्या बहिणीनं रामरक्षा सुरू केली. ट्रकवाला एक भला माणूस थांबला. त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "काका, पाटा गेला." आस आणि चेसीच्या मध्ये लाकडाचा ठोकळा सरकवला, टायरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधला आणि सांगितलं, वीसच्या वर जाऊ नका. तशीच गाडी माणगावपर्यंत नेली. दोन आणि तीन नंबरचा पाटा तुटला म्हणून निभावलं हो. मेन पाटा गेला असता ना, तर आसच जागचा सरकला असता. मेन पाट्याच्या दोन डोळ्यांतून पिना जातात, त्याच आस धरून ठेवतात.

आल्यावर अप्पा तुटका तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. म्हणजे शेवटी आले. मी ओट्यावर दिव्याखाली ठेवून बघितला. तुटला होता बरोबर मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकातून. आणि तुटलेली बाजू दोन रंगांची. भोकाच्या कडेला काळपट, गुळगुळीत, त्यावर बारीक बारीक वाकड्या रेघा, मधूनमधून गंज. आणि उरलेला भाग खडबडीत, दाणेदार, चकचकीत. मी म्हटलं, अप्पा, चकचकीत भाग ताम्हिणीत तुटला. काळा भाग त्याच्या कितीतरी आधीपासून तुटत होता. रोज केसभर. प्रत्येक खड्ड्याला एक रेघ पुढे. ताम्हिणीनं फक्त शेवटची रेघ ओढली. अप्पांनी खिशातून चष्मा काढला, तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. पासबुक तपासावं तसं.

भोकातूनच का तुटला, हे तुम्ही विचारलंत ना, तो खरा प्रश्न. भोक म्हणजे पाट्यातली सगळ्यात अशक्त जागा. पण पाटा तिथे वाकूच नये म्हणून तर दोन यू बोल्ट तिथं आसावर पाटे घट्ट आवळून ठेवतात. आता त्या गॅरेजवाल्यानं १० मिलीचे दोन पाटे घातले, म्हणजे थप्पी २० मिलीनं वाढली. यू बोल्ट मात्र जुनेच. ते आता आखूड पडले. नट कसेबसे चार आट्यांवर अडकलेले, तेही ताणून झिजलेल्या आट्यांवर. काही दिवसांत ढिले झाले. यू बोल्ट ढिला झाला की पाटा नेमका भोकापाशी वाकायला लागतो. मी अप्पांना गाडीखाली हात लावून दाखवलं, तर वॉशरवर नट घासल्याची चकाकी होती. पाटे बदलले की यू बोल्ट नवे घ्यायचे, आणि थप्पीच्या मापाचेच घ्यायचे. नाना पेठेत ही गोष्ट दहा वर्षांच्या पोराला माहीत असते.

मग मी म्हटलं, अप्पा, नवे पाटे नंतर, आधी काटा. वजन किती आहे ते बघितल्याशिवाय पाटे विकत घेणं म्हणजे ताप न मोजता गोळ्या खाणं. त्यांना पटेना. म्हणाले, "पाटे जास्त ताकदीचे घालतो, मग वजन जास्त चालेल." हे, वहिनी, सगळ्यांनाच वाटतं. आरसीवर एकूण वजनाचा आकडा असतो, तो पाटे वाढवून एक किलोनं वाढत नाही. आस तोच आहे, त्याची बेअरिंगं तीच आहेत, ब्रेक तेच, चेसी तीच. आणि टायरवर तर छापलेलं असतं, एका टायरनं किती वजन घ्यायचं. टायरला काय कळणार, वर नवे पाटे आहेत म्हणून?

गेलो आम्ही काट्यावर. हो, मीही गेले, का जाऊ नये? मागच्या खुर्चीवर बसून. अप्पांनी टाकी भरून, सिलिंडरसकट, काकूंसकट गाडी काट्यावर घेतली. आधी पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर. मग अख्खी गाडी. मग फक्त मागची. काट्यावरचा पोरगा वैतागला, एका गाडीच्या तीन पावत्या कशाला म्हणून. मी म्हटलं, पैसे देतोय ना आम्ही? मग दे. मग आणखी एकदा, उजवी बाजू तेवढी. आकडे मी सांगणार नाही, अप्पांना आवडायचं नाही. एवढंच सांगते, पुढची चाकं जवळजवळ उपाशी आणि मागची अजीर्ण झालेली. आणि ड्रायव्हरची बाजू जड, कारण ओटा, बॅटऱ्या, सिलिंडर सगळं तिकडेच.

तिथंच पावतीच्या मागे मी हिशेब करून दाखवला. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३३५० मिलिमीटर, त्यावरूनच तर त्या मॉडेलचं नाव. टाकी मागच्या आसाच्या मागे मीटरभर. पाणी १५० किलो. पण मागच्या चाकांवर पडतं १९५. अप्पा म्हणाले, वरचे ४५ कुठून आले? बँकेतला माणूस, ताळा जमला पाहिजे. ते पुढच्या चाकांवरून उचलले गेले, अप्पा. मागे बसलेलं वजन पुढचं वजन उचलतं. आमचे आजोबा टांग्यांच्या कमानी विकत होते, तिथून धंदा सुरू झाला आमचा. टांग्यात मागच्या बाजूला तीन दणकट सवाऱ्या बसल्या की टांगा उलाळ व्हायचा, दांडे वर, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा ताणलेला. तेव्हा टांगेवाला काय कमान बदलत बसायचा? "मावशी, जरा पुढे सरका," म्हणायचा. अप्पांच्या टाकीलाही तेच सांगायचं होतं.

टाकी पुढे सरकवली. मागच्या आसाच्या मीटरभर पुढे, दोन्ही चाकांच्या मध्ये. आता तेच १५० लिटर मागच्या चाकांवर १०५ किलो टाकतं आणि उरलेलं ४५ पुढची चाकं घेतात. मागच्या आसावरचं ९० किलो वजन कमी झालं, एक पाटासुद्धा न बदलता, नुसती टाकी उचलून. बॅटऱ्या डाव्या बाजूला, पुढच्या खुर्चीखाली. ग्रॅनाइट तर आपोआपच गेला, त्याबद्दल त्या गॅरेजवाल्याचे आभार मानावेत असं मी काकूंना म्हटलं, त्या हसल्या नाहीत.

मग आला पाट्यांचा विषय, आणि तिथं नानांची आणि माझी जुंपली. नाना दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांच्यापुढे आपण एसटीचं काही बोलायचं नसतं. पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर-पुणे रस्त्यावर धावली, हे नाना असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, तेच कंडक्टर होते. जन्म त्यांचा १९५० चा. ते म्हणाले, नवे कशाला, जुनेच ठोकून कमान चढवून घ्या. मी म्हटलं, नाना, तुमच्याच वर्कशॉपचं सांगा, पाटा नुसता ठोकून पाटा होतो का?

तेव्हा मात्र नाना खुलले. सांगायला लागले. पाट्याचं पोलाद साधं नसतं, सिलिकॉन-मँगेनीजचं असतं. ते लाल तापवायचं, साडेआठशे-नऊशे अंशांच्या घरात, त्याच तापात कमान द्यायची, मग तेलात बुडवायचं. तेलातून निघतं ते काचेच्या जातीचं, कडक पण तुटकं. म्हणून परत साडेचारशे-पाचशेला तापवून सोडायचं, म्हणजे कडकपणाला चिवटपणा येतो. त्यानंतर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात पृष्ठभागावर, म्हणजे वरची कातडी दाबलेली राहते आणि चीर सुरूच व्हायला अवघड जातं. आणि रस्त्याकडेचा माणूस काय करतो? गार पाटा ऐरणीवर ठेवतो आणि घण घालतो. दिसायला कमान येते, पण घणाच्या प्रत्येक खुणेपाशी नवी चीर जन्माला येते. किंवा भात्यावर लाल करतो, पाण्यात बुचकळतो, झालं. तो एक तर महिन्यात परत बसतो, नाहीतर तुटतो. एवढं सगळं बोलून झाल्यावर नानांच्या लक्षात आलं की ते माझीच बाजू मांडून बसले. म्हणाले, "पण आमच्या काळी ठोकायचे." मी म्हटलं, हो ना, चहा घेणार का?

नवाच संच घेतला, दोन्ही बाजूंना, कंपनीच्या मापाचा. एकाच बाजूचा कधी घेऊ नये, गाडी कायमची तिरकी राहते. त्याच्यावर एक हेल्पर पाटा, पण तो रिकाम्या गाडीला टेकतच नाही. मध्ये फट ठेवलेली असते. घरातलं सगळं भरून, पाणी भरून, बहीण-बिहीण बसवून गाडी खाली आली की तेवढ्यापुरता तो भार घेतो. रिकामी जाताना गाडी मऊच. मग सोबत यू बोल्ट नवे, सेंटर बोल्ट नवे, शॅकलचे बुश आणि पिना नव्या. शॉकअप पण बदलले, ते तर तेल गाळून कधीच कामातून गेले होते. पैशांचं विचारू नका. काकू म्हणत होत्या, एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या.

यावेळचं गॅरेज दुसरं, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतलं. कारागीर म्हातारा, तोंडात तंबाखू, पण हात काय सुरेख! मी बघत होते. जुने पाटे सोडताना त्यानं आस आधी जॅकवर घेतला. नवी थप्पी शिकंज्यात दाबून सेंटर बोल्ट लावला. बोल्टचं डोकं आसावरच्या भोकात बरोबर बसलंय ना, ते बोटानं चाचपून बघितलं, दिव्यानं नाही. यू बोल्ट एकेक आट्यानं, आलटून पालटून, तिरप्या जोडीनं आवळले. आणि बुशच्या पिना मात्र ढिल्याच ठेवल्या. अप्पा ओरडले, "अरे, हे राहिलं!" तो काही बोलला नाही. जॅक काढला, गाडी चाकांवर उभी केली, वजन पडू दिलं, आणि मग पिना आवळल्या. हवेत असताना आवळल्या असत्या तर गाडी खाली आल्याबरोबर रबराला पीळ पडला असता आणि बुश दोन महिन्यांत फाटले असते. अप्पांना मी हळूच सांगितलं, गप्प बसा, हा माणूस शिकलेला आहे. अप्पा पहिल्यांदा कोणाचं तरी ऐकून गप्प बसले.

पाचेकशे किलोमीटर चालवून परत आणा, यू बोल्ट परत आवळायचे आहेत, असं त्यानं बजावलंय. नवे पाटे एकमेकांवर बसतात, थप्पी किंचित दबते, मग नट सैल होतात. अप्पांनी ते डायरीत लिहून घेतलंय, दोन ठिकाणी. आणि एक सांगायचं राहिलंच. काही गाड्यांना मागच्या आसाला एक दांडी जोडलेली असते, ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला सांगते, गाडी भरलेली आहे की रिकामी. मागून गाडी खाली असली की मागच्या ब्रेकला जोर जास्त, वर असली की कमी. पाटे बदलून गाडी वर उचलली आणि ती दांडी तशीच ठेवली, तर भरलेल्या गाडीलाही व्हॉल्व्ह रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक आळशी होतात. म्हाताऱ्यानं ती मापानं परत लावली. दिवेही भिंतीवर पाडून खाली घेतले. आता पारंब्या दिसायच्या नाहीत, रस्ता दिसेल.

बसून आले मी तिच्यात काल, पौड फाट्यापर्यंत. स्पीडब्रेकरवरून गेली तरी कपाटातला चमचा वाजला नाही. काकूंनी मुद्दाम ओट्यावर चहाचा कप ठेवला होता, अर्धा भरलेला. सांडला नाही. ओट्याला सनमायका लावलाय, पिस्ता रंगाचा. कळकट नाही दिसत, पण मी तसं बोलले नाही.

आता पुढचं ऐका. अप्पांनी नवी शक्कल काढलीय. मागच्या दाराला बाहेरून लोखंडी स्टँड वेल्डिंग करून घ्यायचा, त्यावर दोन सायकली टांगायच्या, गाडी उभी राहिली की गावात सायकलनं फिरायचं. आणि स्टँडच्या शेवटी एक पेटी, त्यात तंबू, खुर्च्या, कोळशाची शेगडी. मी म्हटलं, अप्पा, दार मागच्या आसापासून किती लांब आहे ते मोजलंय का? तर म्हणतात, "आता नवे पाटे आहेत की!" मी तोंडावर हात ठेवून घरी आले.

म्हणून तुम्हाला हाक मारली, वहिनी. एक सायकल अप्पांची स्वतःची आहे. दुसरी ते तुमच्या ह्यांची मागणार आहेत, आज संध्याकाळीच. तुमचे हे भिडेखातर हो म्हणून मोकळे होतील. त्यांना सांगून ठेवा, चाक पंक्चर आहे म्हणावं.